निकोटीन शून्यावर आणलं, मग व्यसन कुठे राहिलं?

पायपीट

आधीच सांगतो, कौतुक करून घ्यायला लिहीत नाहीये. थोडंफार झालं तर नको म्हणणार नाही.

सतरा वर्षं सिगारेट ओढली, दिवसाला पाऊण पाकीट. अडीच वर्षांपूर्वी ती सोडून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, हातात घेतला. सुरुवात मिलीला १२ मिलिग्रॅम निकोटीनच्या लिक्विडने, मग ६, मग ३. आता सहा आठवडे झाले, शून्य. बाटलीवर ठळक अक्षरात ०. पहिले चार दिवस घरच्यांवर वसावसा ओरडलो, रात्री दोनला टक्क जाग यायची, भूक राक्षसासारखी. मग हळूहळू निवळलं.

माझं म्हणणं एवढंच की व्यसन लावतं ते निकोटीन. तेच काढून टाकल्यावर उरते ती चवीची वाफ. हाताला चाळा मिळतो, तोंडातून ढग सोडता येतो, कामावरून पाच मिनिटं उठायला निमित्त होतं. हे सुख ठेवून गुलामी तेवढी फेकून देता येत असेल तर काय बिघडलं? जे अजून निकोटीनवाल्या लिक्विडवर अडकलेत त्यांनी सरळ शून्यावर यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बायको म्हणते, "सुटला नाहीस, नुसती बाटली बदललीस." तिच्याशी वाद घालून दमलो म्हणून इथे मांडतोय.

जुना_धूर

वहिनींशी सहमत.

एकच विचारतो. ते यंत्र खिशात न घेता घराबाहेर शेवटचे कधी पडलात?

पायपीट

हा प्रश्न नाही, सापळा आहे. मोबाईल न घेताही मी बाहेर पडत नाही, मग त्याचंही व्यसन म्हणा.

जुना_धूर

म्हणतोच. पण मिळालं उत्तर.

अंकमोड

जुना_धूर, तुम्ही फार लवकर निकाल लावताय. या माणसाने केलंय ते सोपं नाही.

निकोटीन आत ओढल्यापासून दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. चढायला झटपट आणि उतरायलाही झटपट, म्हणून तर ओढणाऱ्याला तासातासाला आठवण होते आणि सकाळी डोळे उघडायच्या आधी हात उशाशी जातो. बंद केलं की त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो आणि बहुतेकांचा तीन-चार आठवड्यांत ओसरतो. चिडचिड, झोपमोड, भूक, सगळं धागाकर्त्याने लिहिलंय तसंच. म्हणजे शरीराने निकोटीनचा नाद सोडला, यावर वाद घालायला जागा नाही.

निकोटीन कमी केल्याने ओढ कमी होते याला पुरावाही आहे. २०१५ साली अमेरिकेत ८४० धूम्रपान करणाऱ्यांवर एक प्रयोग छापून आला. सोडायची इच्छा नसलेली माणसं. काहींना नेहमीइतकं निकोटीन असलेल्या सिगारेटी दिल्या, काहींना अगदी नगण्य निकोटीनच्या, आणि कोणाला कोणत्या हे सांगितलं नाही. सहा आठवड्यांनी नेहमीच्यावाले दिवसाला २१-२२ ओढत होते, नगण्यवाले १५-१६. कोणी उपदेश केला नाही, भीती घातली नाही, तरी आकडा आपोआप खाली आला.

जुना_धूर

मग उरलेल्या पंधरा कशासाठी ओढत होते?

अंकमोड

चांगला प्रश्न आहे, आणि टाळत नाही. घशासाठी. १९८० च्या दशकातच संशोधकांनी घसा आणि श्वासमार्ग बधिर करून लोकांना सिगारेट ओढायला दिली होती. निकोटीन पोचतंय, पण घशाला काही कळत नाही. मजा लक्षणीय कमी झाली. म्हणजे त्या घशाच्या चटक्याला, वासाला, हाताच्या हालचालीला स्वतःचं मोल असतं. वर्षानुवर्षं प्रत्येक झुरक्याबरोबर मेंदूला बक्षीस मिळालेलं असतं, त्यामुळे झुरका स्वतःच बक्षिसासारखा वाटायला लागतो. बक्षीस देणारा गेला तरी काही काळ ते चालतं.

जुना_धूर

"काही काळ" म्हणजे किती? तुम्हीच सांगा, कारण धागाकर्ते तर कायमचं ठेवू म्हणतायत.

दमछाक

मी श्वसनविकारांच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेते, त्यामुळे माझी बाजू सरळ फुफ्फुसांची.

पायपीट, सिगारेट सोडलीत ते उत्तमच केलंत. पण सध्या तुम्ही स्वतःची तुलना कोणाशी करताय? २०१५ साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अहवालात व्हेपिंग सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज होता आणि तो आकडा तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी आहे. (तो कसा काढला यावर तेव्हाही भरपूर टीका झाली होती, असो.) तो आकडा खरा धरला तरी ती तुलना जळत्या तंबाखूशी आहे. तुम्ही तर सिगारेट अडीच वर्षांपूर्वीच सोडलीत. शून्यवालं लिक्विड तुम्ही आता सिगारेटऐवजी ओढत नाही, हवेऐवजी ओढताय. तुलना हवेशीच करावी लागेल.

आणि ती नुसती वाफ नव्हे. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि वासाची रसायनं तापवून झालेले ते बारीक थेंब असतात. यातले बरेच पदार्थ पोटात गेले तर निरुपद्रवी आहेत, पण जठराला जे चालतं ते फुफ्फुसाला चालतंच असं नाही. तेल पोटात पचतं, फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. लिक्विड तापवणारी कॉईल कोरडी पडून जास्त तापली की याच ग्लिसरीनपासून घातक फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन तयार होतात. जळका झुरका घशाला ज्यांना लागलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

२०१९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ३१ निरोगी, कधीच न ओढलेल्या तरुणांना निकोटीन नसलेल्या ई-सिगारेटचे सोळा झुरके घ्यायला लावले आणि आधी-नंतर एमआरआय काढला. मांडीतली मुख्य रोहिणी गरजेनुसार रुंदावते ते प्रमाण ३४ टक्क्यांनी घटलं होतं. निकोटीन शून्य असताना.

अंकमोड

दमछाक ताई, तो परिणाम एका बैठकीनंतर लगेच मोजलेला, तात्पुरता होता. त्यावरून पुढे हृदयविकार होतोच असं कोणी म्हटलेलं नाही.

दमछाक

मीही म्हटलेलं नाही. पण दिवसातून सोळाच झुरके घेणारा व्हेपर दाखवा, मी माझे शब्द मागे घेते.

सरळसोट

कशाला एवढी चर्चा. व्हेपिंगने पॉपकॉर्न लंग होतं, अमेरिकेत पटापट माणसं गेली. विषय संपला.

रसायनी

विषय संपला नाही, तुम्ही दोन विषयांची खिचडी केलीत.

पॉपकॉर्न लंग म्हणजे बारीक श्वासनलिका चिंबून जाण्याचा रोग. नाव पडलं ते अमेरिकेतल्या मिसुरीतल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांवरून. २००० साली तिथल्या आठ कामगारांचं प्रकरण पुढे आलं. लोण्याच्या वासाचं डायअसिटिल तिथल्या हवेत दाट भरलेलं असायचं. ते रसायन काही लिक्विडमध्येही सापडलं, म्हणून हे नाव व्हेपिंगला चिकटलं. ब्रिटनमध्ये निकोटीनच्या लिक्विडमध्ये ते घालायला बंदी आहे. आणि सिगारेटच्या धुरात तेच डायअसिटिल कितीतरी जास्त असतं.

अमेरिकेतलं २०१९ चं प्रकरण वेगळं. फेब्रुवारी २०२० पर्यंत फुफ्फुसाला इजा होऊन २,८०७ जण एक तर इस्पितळात गेले किंवा दगावले, हे खरं. पण तिथे मुख्य आरोपी निघालं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, तेही प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या, चोरट्या मार्गाने मिळालेल्या काडतुसांत. याचा आणि शून्य निकोटीनच्या बाटलीचा थेट संबंध नाही. विरोध करायचा तर नेमका करा, नाहीतर समोरच्याला एक चूक सापडते आणि तो बाकीचं खरंही झटकून टाकतो.

आता पायपीट, तुमच्याकडे वळतो. बाटलीवरच्या शून्यावर तुमचा इतका विश्वास कसा?

पायपीट

म्हणजे? छापलंय ना.

रसायनी

छापलेलं असतं. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये "निकोटीनमुक्त" म्हणून विकली जाणारी दहा लिक्विडं प्रयोगशाळेत तपासली, सहांमध्ये निकोटीन निघालं. कुठे भेसळ असेल, कुठे एकाच यंत्रावर दोन्ही भरल्यामुळे राहिलेला अंश. कारण काहीही असो, तुमच्या मेंदूला कारणाशी देणंघेणं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून चलाख आहे. अलीकडे काही उत्पादनांत ६-मिथाइल निकोटीन घालतात. निकोटीनचंच भावंड, रेणूला एक मिथाइल गट जास्तीचा. रसायनशास्त्राच्या भाषेत ते निकोटीन नाही, त्यामुळे डब्यावर "निकोटीन नाही" लिहिता येतं. मेंदूतल्या ज्या कुलपाला निकोटीनची किल्ली लागते त्यालाच ही किल्लीही लागते. त्याच्या दीर्घकालीन परिणामांची माहिती निकोटीनपेक्षाही तुटपुंजी. म्हणून नुसता शून्य बघू नका, घटकांची पूर्ण यादी बघा. यादीच नसेल तर ती बाटली ठेवून द्या.

खऱ्या निकोटीनची शंका असेल तर लघवीतल्या कोटिनीनची चाचणी असते. निकोटीन शरीरात मोडलं की कोटिनीन होतं आणि ते निकोटीनपेक्षा बरंच जास्त वेळ, काही दिवस, सापडतं. सहा आठवडे शून्यावर असाल आणि आसपास कोणी ओढत नसेल तर तुमची चाचणी स्वच्छ यायला हवी.

पायपीट

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. करून बघतो.

दोन_पोरांची_आई

तुमचं सगळ्यांचं चाललंय ते मोठ्या माणसांचं. माझं वेगळं आहे.

थोरला सोळा वर्षांचा. दप्तरात सापडला, रंगीत पेनासारखा. विचारलं तर शांतपणे म्हणाला, "आई, यात निकोटीन नाहीये, नुसता फ्लेवर आहे, इंटरनेटवर बघ हवं तर." आणि मी बघितलं, आणि पायपीट यांनी लिहिलंय जवळजवळ तेच वाचायला मिळालं. व्यसन निकोटीनचं असतं, हे त्याशिवायचं आहे, मग काय बिघडलं. माझ्याकडे उत्तरच नव्हतं. त्याने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, त्यामुळे "सिगारेटपेक्षा बरं" हा दिलासाही मला नाही.

रागावू की नको हेसुद्धा कळेना.

जुना_धूर

ताई, रागावू नका. तो डबा रसायनी म्हणाले तसा दोघांनी मिळून वाचा. घटकांची यादी आहे का, किती मिलिग्रॅम लिहिलंय, कोणी बनवलाय. आपल्याला फसवलं गेलं हे पोरांना स्वतःहून कळलं तर जास्त झोंबतं. आमच्या पिढीला कंपन्यांनी कसं गंडवलं हे मला वयाच्या अठराव्या वर्षी कोणी दाखवलं असतं तर कदाचित मी इथे या नावाने लिहीत नसतो.

पायपीट

आई, तुमच्या मुलासाठी मी ते लिहिलेलं नव्हतं. ज्याने कधी ओढलंच नाही त्याने शून्याचं काय, कशाचंच सुरू करू नये. माझा मुद्दा आधीच अडकलेल्यांसाठी होता. पहिल्या लिखाणात हे यायला हवं होतं, चूक माझी.

अर्धवट_सुटलेला

आधीच अडकलेल्यांपैकी मी एक. तुम्ही म्हणता तसंच केलं. ६ वरून सरळ शून्य. व्हेप तोच, चव तीच. पहिल्या आठवड्यात मी तो दिवसभर तोंडात धरून बसायचो, जणू पुढच्या झुरक्यात काहीतरी येणार आहे. येत काहीच नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी एकाकडून सिगारेट मागितली, तीन वर्षांनी. त्यानंतर चार महिने दोन्ही चालू होतं.

आता पुन्हा निकोटीनच्या लिक्विडवर आहे आणि सिगारेट बंद आहे. लाज वाटते सांगायला, पण शून्याने मला सिगारेटकडे ढकललं.

अंकमोड

लाज कसली. तुमच्या बाजूने पुरावा आहे, आणि मी इतका वेळ पायपीट यांची बाजू घेत होतो तरी तो दिलाच पाहिजे.

इटलीत २०१३ साली ३०० जणांवर चाचणी झाली. सिगारेट सोडायचा विचारही नसलेली माणसं, शंभर-शंभरचे तीन गट. एकाला १२ आठवडे निकोटीनची ई-सिगारेट, दुसऱ्याला अर्ध्यात प्रमाण कमी केलेली, तिसऱ्याला निकोटीनशिवायची. वर्षाने सिगारेट पूर्ण सुटलेले अनुक्रमे १३, ९ आणि ४. सगळेच आकडे लहान आहेत, पण उतरण दिसते. वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे आढावेही तेच सांगतात, सिगारेट सुटायला निकोटीनवाली ई-सिगारेट निकोटीनशिवायच्या ई-सिगारेटपेक्षा जास्त उपयोगी पडते.

म्हणून "सरळ शून्यावर या" हा सल्ला सरसकट देता येत नाही. सिगारेट नुकतीच सोडलेल्याला तर नाहीच.

दमछाक

अर्धवट_सुटलेला, त्वचेवर लावायचे निकोटीनचे पॅच आणि गोळ्या हेही पर्याय आहेत हे विसरू नका. पॅच २१, १४, ७ मिलिग्रॅम असा पायरीपायरीने उतरवता येतो आणि फुफ्फुसात काहीच जात नाही. व्हेप सोडण्यावरचा कॉक्रेनचा आढावा जानेवारी २०२५ मध्ये आला. पुरावा अजून कच्चा आहे, पण व्हॅरेनिक्लीन ही धूम्रपान सोडायला दिली जाणारी गोळी आणि तरुणांसाठी मोबाईलवर येणारे संदेश, ही दोन नावं त्यात आशादायक म्हणून आहेत. डॉक्टरांशी बोला. यांच्यातल्या कोणाचं ऐकू नका, माझंही.

आणि पायपीट, एक विचारायचं राहिलं. दिवसाला किती मिली जातं?

पायपीट

नेमकं मोजलेलं नाही. असेल पूर्वीइतकंच.

दमछाक

"असेल" नको. ३ मिलिग्रॅमवर असताना १० मिलीची बाटली किती दिवस पुरायची आणि आता किती दिवस पुरते?

विचारायचं कारण सांगते. २०१८ च्या एका प्रयोगात सवयीच्या व्हेपरना १८ आणि ६ मिलिग्रॅमचं लिक्विड दिलं होतं. कमी निकोटीन मिळालं तेव्हा त्यांनी झुरके वाढवले, लिक्विड जास्त संपवलं आणि फॉर्मल्डिहाइडशी संपर्कही वाढला. मेंदू आपला हिशेब पूर्ण करून घ्यायला बघतो. शून्याने तर हिशेब कधीच पूर्ण होणार नाही.

वाचनमात्र

दोन दिवस झाले, पायपीट गायब.

जुना_धूर

मोजत असतील.

पायपीट

मोजत होतो, खरंच.

पूर्वी १० मिलीची बाटली चार दिवस जायची. या वेळी परवा सकाळी नवीन उघडली आणि आज दुपारी तळ दिसतोय. अडीच दिवसही नाही झाले. मला जराही जाणवलं नव्हतं. निकोटीन नाही म्हटल्यावर मी झुरके मोजायचंच सोडून दिलं होतं. पूर्वी निदान धाक तरी होता. आता बसल्या जागी, टीव्हीसमोर, अंथरुणातही.

चाचणीही केली. कोटिनीन नाही. म्हणजे बाटली खोटं बोलत नव्हती, हे समाधान.

पण बायकोला निकाल दाखवला तर म्हणाली, "रक्तात नाही हे कळलं. हातात का आहे?"

अंकमोड

वहिनींना इथे सदस्य करून घ्या.

पायपीट

नको, घरी पुरे आहे.

तर, माझ्या पहिल्या लिखाणातलं "सरळ शून्यावर यावं" हे वाक्य मागे घेतो. अर्धवट_सुटलेला यांचं वाचून ते बेजबाबदार वाटलं. पण शून्याने मला काही दिलंच नाही हे मान्य नाही. आता पहाटे उशाशी हात जात नाही. तीन तासांचा प्रवास कासावीस न होता झाला. ३ वर असताना दीड तासात माझी चुळबुळ सुरू व्हायची. हे कोणी काही म्हटलं तरी सुटलेपणच आहे.

जुना_धूर

ते मलाही मान्य. तुम्ही शेवटच्या पायरीवर उभे आहात. माझं भांडण तुम्ही तिथे खुर्ची टाकून बसलात याच्याशी आहे. यंत्र खाली ठेवायची तारीख ठरवलीत का?

पायपीट

तारखा ठरवून मोडण्यात माझा हात कोणी धरणार नाही, त्यामुळे तारीख नको. हे लिक्विड संपलं की बंद. नवीन आणणार नाही.

दमछाक

छान. तोवर अंथरुणातलं तेवढं आजपासून बंद करा. झोपायच्या खोलीत यंत्रच नेऊ नका. एकेक जागा काढून घेत गेलं की सवयीला टेकायला भिंत उरत नाही.

पायपीट

आजपासून.

जुना_धूर

आणि "हे लिक्विड" म्हणजे उघडलेली बाटलीच ना?

पायपीट

कपाटात अजून पाच आहेत.